डिशच्या रिचार्जमधलं गणित

‘फॅमिली’, ‘परिवार’, ‘व्हॅल्यू’, ‘किड्स’ असली नावं डीटीएच कंपन्या आपापल्या पॅकांना देत असतात. या नावांना नियमात काहीही अर्थ नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांच्या लेखी पॅक म्हणजे वाहिन्यांची यादी आणि तिची किंमत, एवढंच. त्यामुळे एका कंपनीच्या ‘कुटुंबा’त चार कार्टून वाहिन्या सापडतील, तर दुसरीच्या कुटुंबात आजीला लागणारी एकही मराठी मालिकांची वाहिनी नसेल. पॅक निवडायचा तर नाव बाजूला ठेवून बिल उलगडावं लागतं, आणि ते दिसतं तितकं अवघड नाही.

आज जी बिलाची रचना आहे, तिचे नियम ट्रायने मार्च २०१७ मध्ये काढले. कोर्टकचेऱ्या आटोपून प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला २०१८ चा डिसेंबर संपत आला. त्याआधी सेवा देणारी कंपनी दोनेकशे वाहिन्यांचा गठ्ठा आपल्यासमोर ठेवायची, आपण पैसे भरायचो आणि त्यातल्या दहा-बारा बघायचो. कुठल्या वाहिनीला किती पैसे गेले, हे ग्राहकाला कळण्याची सोयच नव्हती. नव्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीला छापील किंमत आली, औषधाच्या पाकिटावर असते तशी, आणि प्रत्येक वाहिनी सुटी मिळाली पाहिजे असं बंधन आलं. लोकांनी आपापल्या याद्या कराव्यात अशी अपेक्षा होती. बहुतेकांनी केल्या नाहीत. मग २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायनेच कंपन्यांना सांगितलं की, ज्यांनी निवड केलेली नाही त्यांना त्यांच्या सवयींना साजेसा एक ‘बेस्ट फिट’ पॅक द्या. यादी करण्याचा आपला आळस तेव्हापासून कंपन्यांच्या चांगला पथ्यावर पडला आहे.

बिलात तीन गोष्टी असतात. पहिली नेटवर्क कपॅसिटी फी, जिला कस्टमर केअरवर ‘एनसीएफ’ म्हणतात. दुसरी सशुल्क वाहिन्यांची किंमत. तिसरा या दोन्हींच्या बेरजेवर लागणारा १८ टक्के जीएसटी. पॅकची जाहिरात बघताना आकड्यात कर धरलाय की नाही, हे आधी पाहावं. दोनशेच्या पॅकवर तो छत्तीस रुपये होतो.

एनसीएफ म्हणजे छत्रीपर्यंत सिग्नल आणून देण्याचं भाडं. एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही तरी ते द्यावंच लागतं. सुरुवातीला त्यावर मर्यादा होती: शंभर साध्या वाहिन्यांपर्यंत महिना जास्तीत जास्त १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या प्रत्येक पंचवीस वाहिन्यांना वीस रुपये जादा. २०२० च्या दुरुस्तीत त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या बसवल्या गेल्या, दोनशेच्या वर कितीही घेतल्या तरी १६० च्या पुढे जायचं नाही असं ठरलं, आणि दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या त्या मोजणीतून वगळल्या. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही मर्यादाच काढून घेतली. आता कंपनी आपली फी स्वतः ठरवते. भागाप्रमाणे किंवा ग्राहकांच्या गटाप्रमाणे ती वेगळी ठेवू शकते, फक्त जाहीर करावी लागते. म्हणून शेजाऱ्याचं बिल आपल्यापेक्षा कमी का, या प्रश्नाचं उत्तर आता कधीकधी याच ओळीत सापडतं. पॅक बदलण्याआधी कंपनीला ‘तुमचा एनसीएफ किती?’ एवढं विचारलं तरी पुढचा हिशेब सोपा होतो.

या फीच्या बदल्यात फ्री-टू-एअर वाहिन्या मिळतात, त्यांना वेगळी किंमत नसते. बातम्यांच्या वाहिन्या, भक्तीच्या वाहिन्या आणि जुन्या गाण्यांच्या काही वाहिन्या बऱ्याच अंशी या गटात येतात. सह्याद्री तर आहेच. ज्या घरात टीव्ही मुख्यतः बातम्या, कीर्तन आणि सह्याद्रीसाठी लागतो, त्या घराला सशुल्क पॅकची गरजच नाही, तरी तिथेही दर महिन्याला तीनशेचं रिचार्ज चाललेलं असतं.

खरा पैसा जातो तो सशुल्क वाहिन्यांत. मालिका, नवे सिनेमे, कार्टून, क्रिकेट सगळं इथे आहे. वाहिनीची छापील किंमत ती चालवणारी प्रसारण कंपनी ठरवते, डीटीएचवाला नाही. प्रसारक एकेकटी वाहिनी विकण्यापेक्षा आपल्या सगळ्या वाहिन्यांचा बुके विकायला उत्सुक असतो, कारण एका लोकप्रिय वाहिनीच्या मागे आठ कमी बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या आपोआप घरात शिरतात, आणि त्यांच्या जाहिरातींना प्रेक्षकसंख्या दाखवता येते. यावर ट्रायने दोन लगाम घातले. २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या दुरुस्तीनुसार १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी बुकेत घालता येत नाही, आणि बुकेची किंमत त्यातल्या वाहिन्यांच्या सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देऊन ठरवता येत नाही. अनेक मोठ्या वाहिन्यांची किंमत नेमकी १९ रुपये का, याचं उत्तर पहिल्या लगामात आहे. बुकेत राहायचं म्हणून त्या मर्यादेला टेकून उभ्या आहेत.

दुसऱ्या लगामाचा उपयोग आपल्याला घरबसल्या करता येतो. समजा, एखाद्या बुकेतल्या वाहिन्यांच्या सुट्या किमतींची बेरीज शंभर रुपये आहे. पूर्ण सूट दिली तरी बुके ५५ रुपयांच्या खाली जाऊ शकत नाही. त्यातल्या १९ रुपयांच्या दोनच वाहिन्या घरात बघितल्या जात असतील, तर सुट्या घेऊन ३८ रुपयांत भागतं. तिसरी १९ ची वाहिनी हवी झाली की बेरीज ५७ होते, आणि बुके दोन रुपयांनी स्वस्त पडतो. म्हणजे एका प्रसारकाच्या किती महाग वाहिन्या आपण खरोखर बघतो, एवढंच मोजायचं. साधारणपणे दोनपर्यंत सुट्या, तीनपासून पुढे बुके. मराठी घरांत हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा होतो, कारण झी मराठी, स्टार प्रवाह आणि सोनी मराठी या तिन्ही वेगवेगळ्या घराण्यांतून आलेल्या. रात्री आठला एक आणि नऊला दुसरी मालिका बघणारं घर एका प्रसारकाचा बुके घेऊन मोकळं होऊ शकत नाही. तिघांचे तीन बुके घेतले की बिल फुगलंच.

डीटीएच कंपनीचे स्वतःचे पॅक या सगळ्याची मिसळ असतात: थोडे प्रसारकांचे बुके, थोड्या सुट्या वाहिन्या. त्यावरही सूट देता येते, आणि जुलै २०२४ पासून तिचीही मर्यादा ४५ टक्के आहे. त्याआधी ती १५ टक्के होती. त्यामुळे कंपनीचा तयार पॅक कधीकधी खरोखर स्वस्त असतो. तो डोळे मिटून नाकारण्यातही अर्थ नाही. आपली यादी आधी हातात असावी आणि मग पॅक तिच्याशी ताडून पाहावा, म्हणजे झालं.

यादी कशी करायची? आठवडाभर टीव्हीजवळ कागद ठेवावा आणि जो जे लावेल ते लिहावं. ‘काय आवडतं’ असं विचारू नये. विचारलं की सगळे डिस्कव्हरीचं नाव घेतात. कागदावर साधारण असं काही उतरेल: आजी आणि आईच्या मिळून तीन मराठी वाहिन्या, एक मराठी सिनेमांची, पोरांच्या दोन कार्टून वाहिन्या, बाबांसाठी एक खेळाची, आणि सगळ्यांना मिळून बातम्या. हिशेबासाठी किमती धरून चालू. मालिकांच्या तीन वाहिन्या प्रत्येकी १९ म्हणजे ५७, सिनेमाची ६, कार्टूनच्या ६ आणि ४, खेळाची १९. बेरीज ९२. बातम्या फुकट. एनसीएफ १३० धरला तर २२२, त्यावर कर ३९ रुपये ९६ पैसे. महिन्याला २६२ रुपयांत सहा माणसांचं घर बसतं. खऱ्या किमती टीव्हीवरच दिसतात: कार्यक्रमांच्या यादीत वाहिनीच्या नावासमोर दर असतो, आणि ९९९ क्रमांकावर ग्राहकांसाठीची माहिती द्यावी, असं कंपन्यांवर बंधन आहे.

एचडीचा मोह इथे आवरावा. सेट टॉप बॉक्स साधा असेल तर एचडी वाहिनी दिसणारच नाही, टीव्ही कितीही मोठा असो. बॉक्स एचडी असला तरी एनसीएफच्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांची जागा खाते, आणि तिची किंमत साध्या आवृत्तीपेक्षा निराळी असते. नियमाने एकाच वाहिनीची साधी आणि एचडी आवृत्ती एका बुकेत घालता येत नाही. तरी सुट्या वाहिन्या निवडताना लोक चुकून दोन्हींवर खूण करतात आणि दोन्हींचे पैसे भरत राहतात. क्रिकेटसाठी एचडी घेतलं तर समजू शकतं. मालिकेत सासू रागावलेली साध्या वाहिनीवरही स्पष्ट दिसते.

मुलांच्या बाबतीत पैशांइतकाच महत्त्वाचा भाग बॉक्सच्या सेटिंगमध्ये असतो. पॅरेंटल लॉक नावाची सोय बहुतेक सगळ्या बॉक्समध्ये आहे. चार आकडी पिन घालून हवी ती वाहिनी बंद करता येते. कंपनीने दिलेला मूळ पिन मात्र आधी बदलावा, कारण तो पोरांना आपल्याआधी ठाऊक असतो. काही कार्टून वाहिन्यांचा आवाज रिमोटवरून दुसऱ्या भाषेत करता येतो, त्यासाठी वेगळी वाहिनी घ्यावी लागत नाही.

आता क्रिकेट, कारण घरगुती बजेट कोलमडतं ते बहुधा तिथेच. अनेकांचा अनुभव असतो की भारताचा सामना दूरदर्शनवर असल्याचं कानावर येतं, आपण महागड्या डीटीएचवर दूरदर्शन लावतो आणि तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. यात बिघाड काही नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, हे प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि आपल्या स्वतःच्या डीटीएच सेवेवरून दाखवायचं. खासगी डीटीएच आणि केबलवर जाणाऱ्या दूरदर्शनच्या वाहिनीवर नाही. म्हणजे जो महिन्याला चारशे भरतो त्याला तो सामना बघायला खेळाची वाहिनी विकत घ्यावी लागते, आणि ज्याच्याकडे दूरदर्शनची फुकट छत्री आहे तो आरामात बघतो.

ही फुकट छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, साधारण दोन हजारांच्या आत काम होतं, आणि मग महिन्याचं रिचार्ज नावाची गोष्टच नाही. खासगी वाहिन्या तिथे जागेसाठी लिलावात बोली लावतात, म्हणजे पैसे प्रेक्षक देत नाही, प्रसारक देतो. त्याचमुळे यादी स्थिर नसते. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही हिंदी वाहिन्या एकदम निघून गेल्या, पुढच्या वर्षी परतल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मराठीत सह्याद्री तिथे कायम, बाकीच्यांचं येणं-जाणं लिलावावर. नव्या मालिका बघणाऱ्यांना ती पुरणार नाही. पण गावाकडच्या घराला किंवा आजोबांच्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीला ती चांगली.

दुसऱ्या टीव्हीचं म्हणाल तर २०२० च्या नियमाने त्याच्या जोडणीवर मूळ एनसीएफच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त फी घेता येत नव्हती. आता मूळ मर्यादाच नसल्यामुळे हा आकडा विचारूनच जोडणी घ्यावी. दोन्ही टीव्हींवर एकसारख्याच वाहिन्या घेण्याची सक्ती नाही, ही गोष्ट कंपनीचा माणूस आपणहून सांगत नाही. आतल्या खोलीत खेळाची वाहिनी नको असेल तर ती तिथून काढता येते.

छत्रीबद्दल थोडं. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, आणि आपल्याकडच्या डीटीएच कंपन्या वापरतात ते महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या रेखांशांवर आहेत. फ्री डिशचा जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर. म्हणून मुंबई-पुण्यात छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात, आणि त्या दिशेला उंच इमारत किंवा माडाचं झाड असेल तर कुठलाच पॅक उपयोगाचा नाही. केयू बँडच्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात. कोकणात श्रावणात चित्र अडकलं तर लगेच माणूस बोलावून भेटीचे पैसे देऊ नयेत; सर ओसरल्यावरही चित्र आलं नाही तरच बोलवावा.

सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं रिचार्ज एकदम केलं की सूट मिळते, पण यादी आधी दोन-तीन महिने चालवून पक्की झालेली असावी. खेळाची वाहिनी या लांबच्या रिचार्जमधून बाहेर ठेवावी. ती क्रिकेटच्या मालिकेपुरती घालून, मालिका संपल्यावर काढली तर १९ रुपयांच्या वाहिनीवर करासह दर महिन्याला २२ रुपये ४२ पैसे वाचतात. सुटीत सगळं घर महिनाभर गावी जाणार असेल तर सेवा तात्पुरती थांबवण्याची विनंती करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, मात्र ती किमान १५ दिवस आधी करावी लागते. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांनी एप्रिलच्या मध्यालाच कस्टमर केअरला फोन लावावा आणि तक्रार क्रमांकासारखाच विनंतीचा क्रमांकही लिहून घ्यावा.