द्वीपराष्ट्रे आणि भूकंप : इंडोनेशियाचे उदाहरण

बेटांचा देश म्हटला की तेथे भूकंप व्हावयाचेच, अशी एक सर्वसामान्य समजूत आहे. जपान, फिलिपीन्स, इंडोनेशिया यांच्या उदाहरणांनी ती दृढ झाली आहे. परंतु मालदीव हेही बेटांचेच राष्ट्र असून तेथे भूकंप क्वचितच जाणवतो. खुद्द इंडोनेशियात सुमात्रा व जावा वारंवार हादरतात, तर बोर्निओचा बराचसा भाग तुलनेने शांत असतो. तेव्हा सभोवतीचे पाणी हे भूकंपाचे कारण मानता येत नाही. ते बेटाच्या तळाखाली शोधावयास हवे.

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नसून अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. हिंदी महासागराच्या तळाचा भूपट्ट वर्षाकाठी सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर या गतीने सरकत सुमात्रा-जावाच्या बाहेरील सागरी गर्तेपाशी दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. या अधोगमनाचे दोन परिणाम होतात. खाली जाणाऱ्या खडकांतून सुटलेल्या पाण्यामुळे वरील प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो, शिलारस तयार होतो व ज्वालामुखींची रांग उभी राहते. दुसरे असे की, दोन्ही भूपट्टांचे पृष्ठभाग घर्षणाने एकमेकांत अडकून राहतात. शतकानुशतके ताण साचतो आणि अखेर एका क्षणी ती पकड सुटते. हाच मोठा भूकंप होय. तात्पर्य, बेटे भूकंपांना जन्म देत नाहीत. बेटे आणि भूकंप ही एकाच कारणाची दोन कार्ये आहेत. मालदीव भूपट्टाच्या अंतर्भागी आहे आणि बोर्निओ या गर्तेपासून दूर आहे. त्यांच्या शांततेचा उलगडा यातूनच होतो.

सुमात्राच्या पश्चिमेस, गर्ता व मुख्य बेट यांच्या दरम्यान, सिमेउलुए नावाचे लहानसे बेट आहे. त्याची जागा नेमकी या अडकलेल्या पृष्ठभागावर येते. २६ डिसेंबर २००४ रोजीच्या महाभूकंपात या परिसरापासून उत्तरेकडे सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा पट्टा सुटला. त्या वेळी बेटाचा वायव्य किनारा सुमारे दीड मीटरपर्यंत वर उचलला गेला व उघडी पडलेली प्रवाळे मरून गेली. भूकंप बेट कसे घडवितो, याचा हा प्रत्यक्ष पुरावाच म्हटला पाहिजे.

येथपर्यंतचा विषय भूशास्त्राचा झाला. भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट यापुढची आहे. ४ जानेवारी १९०७ रोजी याच बेटावर भूकंपानंतर प्रलयंकारी लाटा आल्या होत्या. त्या आठवणीने स्थानिक बोलीतील ‘स्मोंग’ या शब्दात घर केले. हा शब्द केवळ लाटेचा वाचक नाही. जोराचा हादरा, मागे हटणारा समुद्र, नंतर येणारी लाट आणि म्हणून टेकडीकडे धाव घेणे, हा सारा क्रम त्यात सामावलेला आहे. आजी-आजोबांच्या कथांतून व गीतांतून तो नातवंडांपर्यंत पोहोचला. २००४ मध्ये लाट अवघ्या दहा मिनिटांच्या आसपास किनाऱ्यावर आली. परंतु त्यापूर्वीच ‘स्मोंग’ अशी हाक गावोगाव उठली होती. सुमारे ७८,००० वस्तीपैकी अवघे ७ जण दगावले. टेकड्या जवळ होत्या, हे साहाय्यक कारण खरे; परंतु टेकडीकडे केव्हा धावावयाचे, हे त्या शब्दानेच सांगितले. असा सर्वपरिचित शब्द आचेच्या मुख्य किनाऱ्यावर प्रचारात नव्हता. इंडोनेशियात त्या दिवशी मृत वा बेपत्ता झालेल्यांची संख्या सुमारे १,६७,००० होती.

भूपट्टांची गती मनुष्याला थांबविता येत नाही, आणि दोन मोठ्या भूकंपांमधील अंतर पुष्कळदा एका आयुष्याहून मोठे असते. अशा ठिकाणी मागील पिढीचा अनुभव पुढील पिढीपर्यंत नेण्याचे काम भाषेलाच करावे लागते. द्वीपप्रदेशांतील लहान बोलींचा शब्दसंग्रह करताना अशा शब्दांची त्यांच्या कथागीतांसह नोंद करणे, हे म्हणूनच आपल्या शास्त्राचे कर्तव्य ठरते. कोशातील एकशब्दी अर्थ येथे पुरेसा नाही. ‘स्मोंग म्हणजे मोठी लाट’ एवढेच लिहिले, तर टेकडीकडे जाण्याची सूचना त्यातून गळून पडते.