पेशींचे लखोटे

कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. "गाठ तर काढली होती, मग हे दुसरीकडे कसं निघालं?" आणि पाठोपाठ कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "तपासणीला सुई घातली ना, तेव्हाच पसरला. हात लावायलाच नको होता." फोन साताऱ्याहून येवो की सोलापूरहून, वाक्य तेच असतं. आणि इकडे कॅनडात बसलेले आपण, वेळेचा हिशेब करत फोन कानाला लावून, "हो ना" म्हणतो. कारण दुसरं काय म्हणायचं ते आपल्याला माहीत नसतं.

माझ्या मावशीच्या आजारपणात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी ठरवलं, याच्या मुळाशी जायचंच. मावसबहीण मात्र स्वतःलाच दोष देत बसली होती. "मीच आईला बायॉप्सीला तयार केलं," हे तिचं पालुपद. दुसरीकडे मावशीच्या शेजारच्या काकूंनी याच भीतीपोटी स्वतःची तपासणी चार महिने पुढे ढकलली. म्हणजे एका चुकीच्या समजुतीने एका घरात अपराधीपणा आणला आणि दुसऱ्या घरात उशीर.

मी शास्त्र शाखेची नाही. इतिहासात एम.ए. केलं, काही वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता घर आणि मुलं. पण इतिहासाच्या माणसाला एक सवय असते. कोणतंही पत्र हाती आलं की आधी विचारायचं : हे कुणी पाठवलं, कुणी पोचवलं आणि कुणी उघडलं? कॅन्सरबद्दल वाचता वाचता मला सापडलं, की आपल्या शरीरातही असं पत्रांचं दळणवळण चालतं आणि शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता बऱ्याच उशिरा लागला.

कचरा म्हणून दुर्लक्षित

आपल्या पेशी सतत अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडत असतात. शास्त्रीय नाव एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स, म्हणजे पेशीबाहेरच्या पुटिका. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर वुल्फ यांनी रक्तातल्या प्लेटलेट्समधून निघणाऱ्या अशा कणांचं वर्णन केलं आणि त्यांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. ही धूळ रक्त गोठायला मदत करते हेही त्यांनी दाखवलं. तरी नाव पडलं ते धूळच.

पुढचा महत्त्वाचा टप्पा आपल्या कॅनडातला, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला. रोझ जॉनस्टोन या बाई पोलंडमध्ये जन्मलेल्या, लहानपणीच कॅनडात आलेल्या. त्या मेंढीच्या रक्तातल्या अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करत होत्या. तांबडी पेशी तयार होत असताना तिला लोह लागतं आणि ते आत घेण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर खास प्रथिनं असतात. पेशी पक्व झाली की ती प्रथिनं नाहीशी होतात. जातात कुठे? १९८३ मध्ये जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी पॅन यांनी दाखवलं, की पेशी ती प्रथिनं छोट्या पुड्यांत बांधून बाहेर टाकते. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसच्या गटालाही उंदरांच्या पेशींत तेच दिसलं. १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी या पुड्यांना 'एक्झोसोम' हे नाव दिलं.

तरीही बहुतेकांच्या मते हा पेशीचा केर होता. नको असलेलं गोळा करायचं आणि दाराबाहेर ठेवायचं, एवढंच.

केरात निघाली पत्रं

हा समज हळूहळू बदलला. १९९६ मध्ये दिसलं, की रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या एक्झोसोमना दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करता येतं. मग २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदराच्या पेशींचे एक्झोसोम माणसाच्या पेशींना दिले. थोड्या वेळाने त्या मानवी पेशींत चक्क उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली! पुडीतून आरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची लेखी सूचना गेली होती, आणि दुसऱ्या पेशीने ती वाचून अमलात आणली होती. केराला कुणी असं वाचत नाही. हे पत्रच होतं.

दिवाळी अंक आहे म्हणून फराळातलं उदाहरण देते. ही पुडी करंजीसारखी असते. वरची पारी पेशीच्याच स्निग्ध आवरणाची आणि आत सारण, म्हणजे प्रथिनं, आरएनए, निरनिराळे स्निग्ध पदार्थ. बनवायच्या मुख्य रीती दोन. एका रीतीत पेशीच्या आतल्या पिशवीत पुड्या तयार होतात आणि ती पिशवी कडेला येऊन उघडते. हे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. दुसऱ्या रीतीत पेशीचं बाहेरचं आवरणच फुगवटा येऊन तुटतं. हे मायक्रोव्हेसिकल, बहुधा १०० ते १००० नॅनोमीटरचे. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत शंभर नॅनोमीटरचे आठशे ते हजार लखोटे ओळीने मावतील.

हे लखोटे रक्तात, लाळेत, लघवीत, आईच्या दुधातही असतात. गरोदरपणात वारेतून सुटलेले लखोटे आईच्या रक्तात फिरतात. थोडक्यात, हे टपालखातं रोगासाठी बनलेलं नाही. निरोगी शरीराचाच तो रोजचा व्यवहार आहे.

ध चा मा

मराठी माणसाला बनावट पत्राबद्दल फार सांगावं लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. आख्यायिका अशी, की मूळ हुकूम 'धरावे' असा होता आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला. ती आख्यायिका म्हणूनच घ्यायची, पण भाषेत वाक्प्रचार राहून गेला तो उगाच नाही. टपाल तेच, शिक्का तोच, नेणारा तोच. मजकूर तेवढा बदललेला. घेणाऱ्याला संशय यावा असं काहीच नसतं.

कॅन्सरची पेशी नेमकं हेच करते. तिने नवं टपालखातं काढलेलं नसतं. शरीराचंच खातं ती वापरते.

२००८ मध्ये मॅकगिलच्याच यानुश राक यांच्या गटाने मेंदूच्या ट्यूमरच्या पेशी अभ्यासल्या. काही पेशींत वाढीचं बटण कायम चालू ठेवणारं एक बिघडलेलं प्रथिन होतं, काहींत नव्हतं. ज्यांत होतं त्यांनी ते लखोट्यातून शेजारच्या पेशींना पोचतं केलं आणि त्या शेजारणीही तशाच वागू लागल्या. २०१८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमधली आणखी एक चाल दाखवली. या ट्यूमरच्या लखोट्यांवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असतं. ते आपल्या लढाऊ पेशींना 'थांबा' असा इशारा देतं. म्हणजे गाठीपर्यंत पोचण्याआधी, वाटेतच सैनिकाच्या हाती माघारीचा हुकूम पडतो.

बी आणि माती

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. कॅन्सर दुसरीकडे जातो कसा, आणि ठरावीक अवयवांतच का जातो?

१८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग कुठेही, कसाही पसरलेला नव्हता. काही अवयवांत तो वारंवार दिसत होता, काहींत क्वचित. त्यांनी म्हटलं, हे बी आणि मातीसारखं आहे. बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र योग्य मातीतच.

ती माती तयार कोण करतं, याचं एक उत्तर सव्वाशे वर्षांनी मिळालं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं, की ट्यूमरच्या लखोट्यांवर पत्ता असतो. इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांचा एक प्रकार असेल तर लखोटे फुप्फुसात उतरतात, दुसरा असेल तर यकृतात. तिथे पोचून ते जमीन भुसभुशीत करून ठेवतात. बी नंतर येतं. या गटाने उंदरांना आधी फुप्फुसाच्या पत्त्याचे लखोटे दिले, आणि मग एरवी हाडांकडे जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. त्या पेशी फुप्फुसात गेल्या.

हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. माणसात रोग पसरण्याची कारणं अनेक आहेत आणि लखोटे त्यातलं एक. पण यातून एक गोष्ट लख्ख कळते. गाठ आपल्या जागी गप्प बसलेली नसते. कुणी सुई लावण्याच्या, चाकू लावण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा पत्रव्यवहार चालू असू शकतो. सुईच्या वाटेने पेशी पसरणं अगदी विरळा. जिथे तसा धोका असतो, तिथे डॉक्टर तपासणीची पद्धतच वेगळी निवडतात. खरा धोका निदानाला उशीर होण्याचा आहे. मावसबहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी आईला तपासायला नेलं ते बरोबरच होतं." अगदी बरोबर होतं.

शत्रूची पत्रं वाचताना

शत्रूची पत्रं आपल्या हाती लागली तर? २००८ मध्येच बोस्टनच्या संशोधकांनी मेंदूच्या ट्यूमरच्या २५ रुग्णांचं रक्त तपासलं आणि ७ जणांच्या रक्तातल्या लखोट्यांत त्या ट्यूमरचाच बिघडलेला आरएनए सापडला. कवटी न उघडता गाठीची खबर मिळाली. २५ पैकी ७ ही संख्या लहान आहे, पण वाट दिसली. आज अमेरिकेत प्रोस्टेटसाठी लघवीतल्या एक्झोसोमची एक तपासणी उपलब्ध आहे. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या पुरुषांचा पीएसए थोडा वाढलेला असतो, त्यांना बायॉप्सी करावी की नाही हे ठरवायला तिची मदत होते. ती बायॉप्सीची जागा घेत नाही.

उपचारांतही प्रयत्न चालू आहेत. ह्यूस्टनमध्ये भारतीय वंशाचे रघु कल्लुरी यांच्या गटाने एक्झोसोममध्येच औषध भरून स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधल्या एका बिघडलेल्या जनुकाला गप्प करण्याचा प्रयोग केला. उंदरांवरचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि पुढे माणसांवर लहान चाचणी सुरू झाली. ही अजून चाचणीच आहे, उपचार नव्हे.

विकत मिळणारे लखोटे

हे सांगायचं मुख्य कारण म्हणजे 'एक्झोसोम' हा शब्द आता जाहिरातीत आला आहे. केसांसाठी, गुडघ्यासाठी, तारुण्यासाठी, आणि दबक्या आवाजात कॅन्सरसाठीही. नात्यातल्या ग्रुपवर अशी चित्रफीत कुणी ना कुणी पाठवतंच. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यात एक्झोसोमच्या नावाखाली विकलेल्या, मान्यता नसलेल्या उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. एक्झोसोमच्या एकाही उत्पादनाला आपली मान्यता नाही, असं त्यांनी तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं.

वर वाचलंत ना, लखोटा चांगला की वाईट हे आतल्या मजकुरावर ठरतं. कोणत्या पेशीचा, कुणी काढला, आत काय आहे, हे ठाऊक नसलेला लखोटा आजारी माणसाच्या शिरेत सोडायचा? कुणी पैसे मागितले तर तीन गोष्टी विचारा. ही मान्यताप्राप्त औषधाची यादी आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असूनही इतके पैसे का मागता? शेवटी आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक रुपयाही नको आणि एक डॉलरही नको.

मंडळी, या दिवाळीतही देशात फोन होतील. फराळ पोचला का, मुलं काय म्हणतात, सगळं विचारून होईल. भाऊबीजेला बहिणीशी बोलाल तेव्हा आणखी एक विचारा : "ताई, तपासणी केलीस का?" ती म्हणेल, "हात लावला की पसरतो म्हणतात." तेव्हा आता "हो ना" म्हणू नका. काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!