आयरिसचा फुलदांडा

ओझरच्या द्राक्षबागेत खुंटावर कलम भरणाऱ्याला वेलीची हुबेहूब प्रत काढणे नवे नाही. आयरिसचे तसे नाही. बियांतून रंग बदलतो; जमिनीतला कंद फोडला, तर वर्षाला मोजकीच रोपे. टिश्यू कल्चरमध्ये तोच कंद अडचणीचा, कारण मातीतले जिवाणू त्यात मुरलेले असतात आणि बाटलीतली साखर रोपाआधी तेच खातात. म्हणून मातीला न शिवलेल्या कोवळ्या फुलदांड्याचे तुकडे घेतात. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवले, की सायटोकायनिन वरचढ असले तर कोंब फुटतात, ऑक्सिन वरचढ असले तर मुळे. आयरिसलाही हाच हिशेब. मात्र कोंबांच्या फेऱ्या फार लांबवल्या, तर एखादे रोप वेगळेच निपजते. रंगातला फरक असेल, तर तो फूल उमलेपर्यंत कळतही नाही.