विमानाचें शेपटीकडील चाक

मुंबईहून हैदराबादेपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती निलंग्याच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवरून जाते. १९३० नंतरच्या दशकांत टाटांचीं टपालविमानें मुंबई, हैदराबाद, मद्रास या मार्गानें जाऊं लागलीं, त्या वेळीं निलंगा हा हैदराबाद संस्थानच्या बिदर जिल्ह्यांतील तालुका होता. लातूर जिल्ह्यांत तो आला १९८२ मध्यें. विमान पाहणाऱ्याची नजर पंखांवर खिळते. शेपटीखालीं लोंबणाऱ्या वीतभर चाकाकडे त्याचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. विमान जमिनीवर टेकल्यानंतर मात्र वैमानिकाची निम्मी चिंता त्या चाकाभोवतींच घोटाळत असते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तें पस मॉथ विमानांतून. त्या पिढीच्या पुष्कळ विमानांना मागें चाक नसेच. पोलादी टेकण असे. गवताळ मैदानावर तें माती उकरीत घासत जाई आणि विमानाचा वेग आपोआप आवरला जाई. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निकामी होई, म्हणून टाटांनीं आपला मुक्काम पुण्यास हलविला होता. पुढें पक्क्या धावपट्ट्या झाल्या. त्यांवर टेकण टिकेना व वळेनाहि; तेव्हां त्याच्या जागीं चाक आलें, आणि तें वैमानिकास पायांनीं वळवितां यावें अशी योजना झाली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत तयार झालेलीं एच. टी. २ (१९५१) आणि पुष्पक (१९५८) हीं दोन्ही विमानें याच घाटाचीं. दोन आसनांच्या, ९० अश्वशक्तीच्या पुष्पकावर देशांतील उड्डाणमंडळांचे कितीतरी विद्यार्थी शिकून तयार झाले.

अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढील दोन चाकांच्या मागें असतो, आणि साऱ्या अडचणीचें मूळ येथें आहे. विमान धांवत असतां शेपटी जरा एका बाजूस सरकली, कीं मागचें वजन पुढें निघून जाऊं पाहतें. वळण स्वतःच स्वतःला वाढवितें. वेग असेपर्यंत उभें सुकाणू वाऱ्याच्या जोरावर शेपटीस आवरून धरतें. वेग मंदावला, कीं सुकाणू लटकें पडतें. मग उरतो ब्रेक, आणि तें वीतभर चाक. त्यानें दगा दिला, तर विमान गर्रकन फिरतें, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीस टेकतो, चाकाचा पाय मोडतो. एकट्यानें प्रथमच उड्डाण करणाऱ्या विद्यार्थ्यास या गोष्टी उमगण्यापूर्वींच घडून गेलेल्या असतात.

चाकाची रचना तशी साधी आहे. शेपटीच्या टोकास पोलादी पाट्यांची कमान बोल्टानें आवळलेली असते. तिच्या शेवटीं उभ्या खिळीवर, म्हणजे किंगपिनवर, फिरणारा चिमटा व त्यांत चाक. चिमट्याच्या दोन्ही बाजूंस आडवे हात. त्यांतून स्प्रिंगा व साखळ्या निघून सुकाणूच्या खालच्या हातांना मिळतात. आंत एक लहानसा खटका असतो. ठराविक कोनापर्यंत तो चाकास सुकाणूशीं बांधून ठेवतो. त्यापुढें तो सुटतो, म्हणजे विमान हातानें ढकलून जागच्या जागीं फिरवितां येतें. हा खटका किंवा त्याची खांच झिजली, तर चाक नको तेव्हां मोकळें होतें. सर्व झिजेंत ही झीज वाईट, कारण ती बाहेरून दिसत नाहीं.

दुसरी खूण चाकाची थरथर. विमान उतरतांच शेपटी खडखडूं लागते, पायाखालच्या पट्ट्या हादरतात. नवशिका कारागीर लागलीच बुश आणि वॉशर बदलतो, आणि थरथर कांहीं जात नाहीं. पुष्कळदां दोष पाट्यांत असतो. पाटे दमून सपाट झाले, म्हणजे किंगपिनचें डोकें पुढें झुकतें. मग चाक खिळीच्या मागें निमूटपणें ओढलें न जातां डावें-उजवें नाचूं लागतें. म्हणून शेपटीचा भार चाकावर ठेवूनच खिळ पाहावी: ती उभी असावी, किंवा तिचें डोकें किंचित् मागें असावें.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पाटा मोडला, तर तालुक्याच्या गांवचा लोहार तो तापवून, ठोकून पुन्हां कमानींत आणतो, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. विमानाच्या पाट्यास तो उपाय चालत नाहीं. पोलादाचें पाणी ठराविक उष्णतेवर दिलेलें असतें. भात्याच्या अंदाजी आगीनें तें उतरतें, आणि केसासारखी चीर आंत दडून राहते. चिरलेला पाटा, ताणलेला बोल्ट, दमलेली स्प्रिंग या वस्तु बदलावयाच्याच. कांसेचा बुश मात्र नवा बसवून, नेमक्या मापास घोटून घेतां येतो. आडव्या हाताचें भोंक लांबट झालें असल्यास तो हातहि बदललेला बरा.

साखळ्यांच्या बाबतींत नेहमीं एकच चूक होते. त्या तंबोऱ्याच्या तारेसारख्या ताणल्या, तर सुकाणूचे सांधे व खटका रात्रंदिवस ओझें वाहतात आणि लवकर झिजतात. फार सैल सोडल्या, तर पायाची हालचाल चाकापर्यंत पोंचतच नाहीं. चाक व सुकाणू सरळ ठेवून लोंबता ढिलेपणा तेवढा काढावा. कांहीं बनावटींत दोन बाजूंच्या स्प्रिंगा मुद्दाम निरनिराळ्या ताकदीच्या ठेवतात, म्हणजे थरथरीस ताल सांपडत नाहीं.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा गुण शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसांत ती चिमट्यांत थापली जाते, उन्हाळ्यांत तिची धूळ ग्रीसमध्यें मिसळून कानसेचें काम करते. अशा ठिकाणीं ग्रीस भरतांना जुनें, काळें ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत भरावें लागतें.

पुष्पकाची निर्मिती केव्हांच थांबली असल्यानें सुटे भाग मिळविणें कष्टाचें, आणि ओळखीच्या लेथवर एखादा घडवून घेण्याचा मोह मोठा. परंतु मान्यता नसलेला भाग विमानास बसवितां येत नाहीं, आणि कामाच्या नोंदीखालीं परवानाधारक अभियंत्याची सही लागते. सहीपूर्वीं तो शेपटी घोडीवर उचलून चाक दोन्ही बाजूंस फिरवितो, खटका कोठें सुटतो तें पाहतो. मग विमान खालीं घेऊन प्रथम माणसाच्या चालीनें, नंतर थोडें जलद, धावपट्टीवर सरळ नेऊन आणतो. त्या दिवशीं विद्यार्थ्यास विमान मिळत नाहीं, तो कुरकुरतो, आणि वही बंद होते ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं.