पोरांना कुलूप, काकांना मोकळं रान

मेलबर्न : श्रीवर्धनहून फोन आला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्या ऑस्ट्रेलियानं म्हणे पोरांचे मोबाइल काढून घेतले?" नाही हो. १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही, एवढंच. बिनखात्याचं यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅप तर बंदीत नाहीच. आणि दंड पोराला नाही, आईबापाला नाही. कंपनीला, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत.

कायद्याचा मला हेवा नाही. पोरं पळवाट काढणारच, इथली काय नि तिथली काय. हेवा वाटतो तो इथल्या शाळेचा. दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचार, आलेलं पुढे ढकलण्याआधी ते कुठून आलं ते बघ, असं वर्गात बसवून शिकवतात. माझी मुलगी ते शिकली आणि घरात भांडणं लागली.

ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एके-४७ असलेली बेवारस बोट लागली. आमच्या घरच्या ग्रुपवर तासाभरात अतिरेकी उतरलेसुद्धा. किती जण, कुठे दडले, सगळं तयार. पोरीनं विचारलं, "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ग्रुपवर शांतता. मग दिरांचा मला फोन : "वहिनी, पोरीला जरा वळण लावा." त्याच दिवशी फडणवीसांनी विधानसभेत खुलासा केला : मालकीण ऑस्ट्रेलियन, इंजिन जूनमध्येच बिघडलेलं, माणसांना कोरियन युद्धनौकेनं वाचवलं, रिकामी बोट वाहत आली. हे मात्र कुणी पुढे ढकललं नाही. "बोट तुमच्याकडचीच निघाली की!" हा टोमणा तेवढा आला.

हसून सोडलं असतं. पण २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं, ते अशाच अफवेपायी. २०२४मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. हत्याकांडाच्याच साली, २०१८ला, भारतात व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली. आमचे दीर पाच-पाच करत सगळा तालुका गाठतात.

इथल्या शेजाऱ्यांपुढे मी मिरवते ते सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२मध्ये त्या गावानं सुरू केलं : संध्याकाळी सातला भोंगा, की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, थोरामोठ्यांचेही. ना संसदेचा कायदा, ना डॉलरचा दंड. ऐकून इथले लोक तोंडात बोटं घालतात.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी असा भोंगा जरूर बसवावा. काकांना मात्र सूट देऊ नये.