आंगण सर्वांचें, केरसुणी कोणाची?

विठ्ठलवाडी स्थानकावर उतरून उल्हासनगराच्या बाजारांत शिरलें म्हणजे एक प्रश्न मनांत येतो. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले व त्यांनीं रस्त्याकडेला दुकानें मांडलीं. १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तो बाजार अद्यापि गजबजलेला आहे. उलट काचेच्या भिंती, सरकते जिने व थंडगार हवा घेऊन आलेले कित्येक मॉल वीस वर्षांच्या आंत ओस पडले. असें कां व्हावें?

मुंबईंत हें युग १९९९ सालीं हाजी अलीजवळच्या ‘क्रॉसरोड्स’नें आणिलें. नुसतें पाहावयास आलेली गर्दीच इतकी, कीं दारावर निर्बंध घालावे लागले. पुढें ही लाट मुलुंड, ठाणें, कल्याणपर्यंत पोंचली. मग तोच माल मोबाइलवरून घरपोंच येऊं लागला. ऱ्हासाचें हें कारण सर्वांस ठाऊक आहे. दुसरें कारण मात्र एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस चटकन् पटेल.

मॉल म्हणजे एका छपराखालचें एकत्र कुटुंबच. दिवे, जिने, झाडलोट, आगीचा बंदोबस्त, सारें सामाईक. मालक एक असून गाळे भाड्यानें दिलेले असले, तर खर्चाची जबाबदारी त्याची असते. परंतु बांधणाऱ्यानें गाळे शेंकडों लोकांस विकले, कीं आंगण सर्वांचें आणि केरसुणी कोणाचीच नाहीं, अशी गत होते. एकानें वर्गणी थकविली, कीं दुसराही थकवितो. दिवे मंदावतात, गिऱ्हाईक फिरकत नाहीं, आणि आयुष्याची पुंजी घालून घेतलेला गाळा ना चालतो, ना विकला जातो.

भांडुपच्या ‘ड्रीम्स’ मॉलमधील गाळे असेच अनेकांच्या मालकीचे होते व कारभार प्रशासकाकडे गेला होता. त्याच इमारतींत एक रुग्णालय होतें. मार्च २०२१ मध्यें तेथें रात्रीं आग लागली आणि रुग्णांचे प्राण गेले. आगीचा बंदोबस्त कोणीं पाहावयाचा, हा प्रश्न नुसत्या जमाखर्चाचा नव्हे, हें त्या रात्रीं सर्वांस दिसलें.

उल्हासनगरचा दुकानदार आपला उंबरठा आपण झाडतो. शेजारचें दुकान मिटलें तरी त्याचा दिवा विझत नाहीं. म्हणून मुलाबाळांसाठीं गाळा घेऊं पाहणाऱ्यानें काचेची झळाळी पाहण्याआधीं जिन्याचा केर पाहावा, आणि तो कोण काढतो हें विचारावें.