क्रीडा संकुलाचा पैसा वसूल होतो का?

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मगच इसार देतो. पण तालुक्याला क्रीडा संकुल होणार म्हटलं की कुणी काही विचारत नाही. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाला, झालं! पैसा मात्र आपल्याच करातला.

जरा हिशेब मांडू. तालुका संकुलासाठी शासनाची अनुदान मर्यादा १ कोटी होती, ती २०२२ साली ५ कोटी झाली. जिल्हा संकुलाची ८ कोटींवरून २५ कोटींवर गेली. ५ कोटी बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५ लाख, म्हणजे दिवसाला साडेनऊ हजार व्याज! मैदानाच्या भाड्यातून एवढं निघणं अवघडच. दुकानगाळे काढले तरी वीजबिल, पाणी आणि रखवालदाराचा पगार आहेच.

बड्या शहरांची गत निराळी नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम उभारलं. त्याचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ नोल आणि झिंबालिस्ट यांनीही १९९७ च्या पुस्तकात हेच दाखवलं, की स्टेडियममुळे गावाची भरभराट होते हा दावा हिशेबाला टिकत नाही.

मग मैदान बांधूच नये का? तसं नव्हे. शाळा तरी कुठे नफा कमावते? संकुलाचं पीक म्हणजे तिथे घडणारी पोरं. प्रश्न एवढाच, की पैसा पोरांपर्यंत पोचतो की सिमेंटात जिरतो?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, शिवाय कुस्त्या करून सरांचं घरही सोडवलं. त्याच खाशाबांच्या नावाने कुस्ती अकादमी काढण्याची घोषणा २००९ साली झाली. २०१७ पर्यंत ती उभी राहिली नाही, तेव्हा पदक लिलावात काढण्याची भाषा त्यांच्या मुलाला करावी लागली.

पोरं मात्र घडतच राहिली. साताऱ्याची आदिती स्वामी उसाच्या रानातल्या अकादमीत नेम धरायला शिकली आणि २०२३ साली बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली. सांगलीच्या संकेत सरगरचे वडील पानटपरी चालवायचे. त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. दोघांनाही आधी लागला तो चांगला गुरू, साहित्य आणि रोजचा सराव. गॅलरीचा नंबर त्यानंतरचा.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी मंडळींनी पुढच्या वेळी संकुलाचा विषय निघाला की तीन गोष्टी विचाराव्यात. बांधून झाल्यावर दरवर्षीचा खर्च कोण देणार? प्रशिक्षक कोण आणि त्याचा पगार कुठून? गावच्या पोरापोरींना मैदान रोज किती तास मोकळं? तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. नाही मिळालं तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच.

इमारतीला दरवर्षी रंग लागतो, तसं पोराला रोज तालीम लागते. पहिल्याची तरतूद करताना दुसऱ्याची राहिली, तर तो पैसा बुडीत खातीच समजावा.